सहा जणांनी एकदम रन लावल्यावर

आमच्या ऑफिसात एका जॉबचं नावच ‘हाउसिंग’ पडलं होतं. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं बिडाचं कवच, भार आल्यावर ते कसं वागतं हे काढायला कॉम्प्युटरवर केलेलं त्याचं मॉडेल. ४,२०० नोड, म्हणजे मॉडेलचे बिंदू, प्रत्येक नोडला तीन दिशा, म्हणजे १२,६०० समीकरणं. या समीकरणांच्या आकड्यांचा तक्ता म्हणजे मॅट्रिक्स. तिची अर्धी बँड, म्हणजे दर ओळीत साठवायचे आकडे, ६००. गुणाकार करून बघा, सुमारे ७५ लाख आकडे होतात, आणि दर आकड्याला ८ बाइट धरले की साधारण ६० एमबी. आज फोनवर लग्नाचा व्हिडिओ येतो तो याहून मोठा असतो. १९९३ साली आम्हाला परवडणाऱ्या मशीनमध्ये मेमरी १६ एमबी असायची.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात भोसरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या डिझाइन ऑफिसला सहा वर्कस्टेशनं, म्हणजे पीसीहून दमदार टेबलावरची मशीनं, घ्यायची होती. तीन कंपन्यांची कोटेशनं आली होती आणि त्यांचं कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट करायचं काम माझ्याकडे आलं. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल करून मला नऊ वर्षं झाली होती. ऑफिसातला फोर्ट्रान भाषेतला सॉल्व्हर, म्हणजे ही समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, मी आणि एका सहकाऱ्यानं मिळून लिहिला होता, म्हणून ‘मॅडमना विचारा’.

हे आत्ता लिहायचं कारण माझा भाचा. बाणेरला त्याचं सात जणांचं सिम्युलेशनचं ऑफिस आहे. गेल्या महिन्यात त्यानं तीन कोटेशनं व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि खाली लिहिलं, “मावशी, यातलं फास्ट कुठलं?” फोनवर तासभर बोललो. तरी मला जे सांगायचं होतं ते नीट सांगून झालं नाही असं वाटत राहिलं, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

१९९३ आधी आम्ही ३८६ च्या पीसीवर काम करायचो. संध्याकाळी रन लावून घरी जायचं आणि सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत येऊन बघायचं. रात्री लाइट गेली असेल तर रन गेला, ग्राहकाला आणखी एक दिवस थांबायला सांगायचं. त्यामुळे वर्कस्टेशन येणार म्हटल्यावर सहाही जणांना किती आनंद झाला होता ते मला अजून आठवतं.

तेव्हा बाजारात शर्यतच लागली होती. एप्रिल १९८९ मध्ये सन कंपनीचं स्पार्कस्टेशन १ आलं, १२.५ मिप्सचं, पिझ्झाच्या खोक्याएवढं. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, एचपीच्या ७३० चा आकडा ७६ मिप्स होता. मधे १९९० मध्ये आयबीएमनं आरएस/६००० काढलं, १९९२ मध्ये डेकनं ६४ बिटांची अल्फा चिप आणली. माहितीपत्रक छापून येईपर्यंत त्यातला आकडा जुना व्हायचा. आमच्या परचेसच्या साहेबांनी मिप्सच्या रकान्याखाली लाल पेन्सिलनं रेघ मारून कागद माझ्याकडे पाठवला होता.

मिप्स म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष सूचना. पण छापलेला आकडा बऱ्याचदा ड्राय्स्टोन नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमवरून काढलेला असायचा. राइनहोल्ड वायकर यांनी तो १९८४ मध्ये लिहिला. डेकचं व्हॅक्स ११/७८० हे मशीन एक मिप्सचं धरायचं, त्यावर सेकंदाला १,७५७ ड्राय्स्टोन होतात, म्हणून आपल्या मशीनवर जेवढे होतील त्याला १,७५७ नं भागायचं. हा प्रोग्रॅम इतका लहान की अख्खा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, मावतो. मेमरीपर्यंत जायची वेळच येत नाही, डिस्क तर लांबच राहिली. त्यात फ्लोटिंग पॉइंटचं, म्हणजे दशांश अपूर्णांकांचं, गणितही नाही. आमचं हाउसिंग म्हणजे नुसतं फ्लोटिंग पॉइंट, आणि वर ६० एमबीचं ओझं. त्या रकान्यावरून माझ्या हाउसिंगबद्दल काहीच कळत नव्हतं.

याच्यावर उपाय म्हणून स्पेक आलं होतं. १९८८ मध्ये वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ही संस्था काढली आणि १९८९ मध्ये दहा प्रोग्रॅमचा पहिला संच दिला. दर प्रोग्रॅम व्हॅक्सपेक्षा किती पट वेगानं चालतो ते काढायचं आणि दहांचा भूमितीय मध्य घ्यायचा. विचार चांगला होता. पण दहातला एक होता मॅट्रिक्स३००, ३०० बाय ३०० च्या मॅट्रिक्सचे गुणाकार, आणि त्याचा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जायचा. कंपायलर (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बनवणाऱ्यांनी ती ओळ अशी फिरवली की मॅट्रिक्सचे छोटे तुकडे कॅशमध्येच राहतील. त्या एका प्रोग्रॅमचा आकडा कित्येक पटींनी उडाला आणि त्यानं सरासरीही वर ओढली. मशीन तेच, आत एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. १९९२ च्या नव्या संचातून स्पेकनं मॅट्रिक्स३०० काढून टाकला, आणि पूर्णांकांचा आकडा वेगळा, फ्लोटिंग पॉइंटचा वेगळा असे दोन भाग केले. माझ्यापुढच्या तीन कोटेशनांपैकी एकात जुना आकडा होता, एकात नवा आणि एकात नुसते मिप्स. तिन्ही एका ओळीत मांडून कुठलं मोठं ते ठरवायचं म्हणजे किलो, शेर आणि पायली एका काट्यावर घालणं.

पैशांचंही असंच. १९९१ च्या जुलैत, १ आणि ३ तारखेला, रुपयाचं अवमूल्यन झालं. त्याआधी डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता, मार्च १९९३ पासून एकच बाजारदर आला तो साधारण ३१ चा. म्हणजे १०,००० डॉलरचं मशीन दोन लाख दहा हजारांवरून तीन लाख दहा हजारांवर गेलं, आणि ड्यूटी त्याच्यावर. फोर्ट्रानचा कंपायलर वेगळा. वाढीव मेमरी वेगळी. यूपीएस वेगळा. एसी तर हवाच, कारण आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे फौंड्रीची भट्टी होती. कोटेशनच्या पहिल्या पानावरची किंमत आणि मशीन प्रत्यक्ष चालू होईपर्यंत लागणारी किंमत यांत इतकं अंतर होतं, की मी दोन वेगळे कागद केले आणि साहेबांना फक्त दुसराच दाखवला.

आता तिन्ही मशीनं. कंपन्यांची नावं लिहीत नाही. पुढे एका विक्रेत्याबद्दल तक्रार येणार आहे, आणि एवढ्या वर्षांनी ती कुणाच्या नावावर टाकायची माझी इच्छा नाही.

पहिल्याला स्वतःची डिस्कच नव्हती. सुरू होताना ते नेटवर्कवरून सर्व्हरला विचारायचं, सिस्टिम तिथून घ्यायची, फाइली तिथे, मेमरीत न मावलेलं ठेवायची जागा, म्हणजे स्वॅपसुद्धा तिथेच. मशीन २ लाख ६० हजारांना, सहांचे १५ लाख ६० हजार, वर सर्व्हरचे ६ लाख, एकूण २१ लाख ६० हजार. दुसऱ्याचा प्रोसेसर मंद, पण प्रत्येकाला आपली डिस्क होती. ३ लाख ९० हजारांना एक, सहांचे २३ लाख ४० हजार. तिसरं सगळ्यांत वेगवान, दिसायलाही देखणं, ८ लाखांना एक. आमच्याकडे मंजूर रक्कम होती २४ लाख.

डिस्क नसलेल्या मशीनची कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगते. बॅकअप एकाच जागी घ्यायचा, डिस्क बिघडली तर एकच बिघडणार, टेबलावर आवाज नाही, कुणाचा डेटा कुणाच्या मशीनवर अडकून राहत नाही. अपोलो कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच आपली मशीनं अशी बांधली होती की एका मशीनला दुसऱ्याच्या डिस्कवरची पानं, म्हणजे मेमरीचे ठोकळे, नेटवर्कवरून ओढता यावीत. आणि सन या नावातच मुळी ‘स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क’ आहे. ‘नेटवर्क हाच कॉम्प्युटर’ हे त्यांचं घोषवाक्य. १९८४ मध्ये त्यांनीच एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) काढलं आणि पुढे बाकीच्या कंपन्यांनीही ते घेतलं. लांबच्या डिस्कवरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी दिसते, ही गोष्ट मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला फार सुंदर वाटली होती. अजूनही वाटते.

गुरुवारी भोसरीत कारखान्यांना सुट्टी असते, व्होल्टेज स्थिर असतं, म्हणून डेमो गुरुवारीच ठेवले. पहिल्या मशीनचे लोक एक वर्कस्टेशन, सर्व्हर म्हणून दुसरं मशीन आणि मधे दोन मीटरची केबल घेऊन आले. आधी त्यांनी पडद्यावर रंगीत मोटार गोल फिरवून दाखवली. सगळे बघत राहिले. मग मी माझी टेप दिली. पाव इंची कार्ट्रिज टेप, तिच्यावर सॉल्व्हर आणि हाउसिंग.

युनिक्समध्ये, म्हणजे या मशीनांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, कुठल्याही कमांडच्या आधी ‘टाइम’ लिहिलं की काम संपल्यावर तीन आकडे छापून येतात. रिअल, यूजर आणि सिस. यूजर म्हणजे प्रोसेसरनं तुमच्या प्रोग्रॅमसाठी घालवलेला वेळ. सिस म्हणजे त्याच प्रोग्रॅमसाठी ऑपरेटिंग सिस्टिमनं घेतलेला वेळ. आणि रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ, खुर्चीत बसलेल्या माणसाचा. रिअलमधून बाकीचे दोन वजा केले की मशीन नुसतं वाट बघत किती वेळ बसलं ते कळतं. माझ्यापुढच्या तीन कोटेशनांत आणि रंगीत माहितीपत्रकांत या वजाबाकीला कुठेही जागा नव्हती.

आकडे आले. यूजर ९ मिनिटं, रिअल ११ मिनिटं. खोलीत टाळ्या पडल्या. पीसीवर जे रात्रभर चालायचं ते चहा होईपर्यंत झालं होतं.

मला एक खटकलं. ६० एमबीचं मॅट्रिक्स १६ एमबीत मावत नाही, ते तुकड्यातुकड्यानं बाहेर जाऊन परत आत यायलाच हवं. मग वाट बघण्यात दोनच मिनिटं कशी गेली? मी म्हटलं, “जरा मशीन बंद करून परत चालू करता का?” चालू होताना पडद्यावर मेमरी किती आहे ते छापून येतं. ६४ एमबी आलं. कोटेशनमध्ये १६ होती.

ते इंजिनिअर तरुण होते. तोंड पडलं बिचाऱ्यांचं. म्हणाले, “मॅडम, डेमोचं मशीन असंच असतं, आम्हाला असंच देतात.” त्यांच्यावर मी रागावले नाही, पण ज्यांनी ते पाठवलं त्यांचा राग आला, आणि तो राग बरोबर होता असं मला आजही वाटतं. कारण ही साधी चूक धरली गेली नसती तर सहा माणसं पुढची पाच वर्षं त्या मशीनपुढे बसली असती. मी मेमरीच्या पट्ट्या काढायला सांगितल्या. एकेक पट्टी तिरकी करून त्यांनी काढली, चंदेरी पिशवीत घातली, आणि १६ एमबीवर हाउसिंग पुन्हा लावलं. यूजर तेच ९ मिनिटं. रिअल २१.

पुढच्या गुरुवारी दुसरं मशीन आलं. तेही १६ एमबीवर. यूजर १५ मिनिटं, रिअल २०. प्रोसेसर इतका मंद असूनही खुर्चीतल्या माणसाला एक मिनिट लवकर उठता येत होतं. तिसऱ्याचं यूजर ६ आणि रिअल ११.

साहेब म्हणाले, “मॅडम, पहिलं आणि दुसरं सारखंच झालं की. मग एक लाख ऐंशी हजार वाचवू.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण हे सगळं एकट्या मशीनचं होतं, दोन मीटरच्या केबलवर, दुसरं कुणी नसताना. आम्ही तर सहा जण. मी म्हटलं, “सर, मला एक रविवार द्या.”

पहिल्या प्रकारची आठ मशीनं शहरातल्या एका संस्थेच्या लॅबमध्ये बसली होती. तिथल्या प्राध्यापकांनी रविवारी लॅब उघडून द्यायचं कबूल केलं. पाऊस कोसळत होता. टेप प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पर्समध्ये, पर्स रेनकोटच्या आत, अशी मी आणि आमच्याकडचे दोन ट्रेनी पीएमटीच्या बसनं गेलो.

आधी एका मशीनवर लावून पाहिलं. रिअल २१ मिनिटं, डेमोसारखंच. मग सहाही मशीनांवर कमांड लिहून ठेवली आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून दोघा ट्रेनींनी आणि मी भराभर दोन-दोन रिटर्न दाबले.

पहिली तीनचार मिनिटं काही वेगळं दिसलं नाही. मग एका पडद्यावर ओळ आली, एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग. थोड्या वेळानं, सर्व्हर ओके. मग शेजारच्या पडद्यावर तेच. मग तिसऱ्या. माउस हलवला तर बाण दोन सेकंदांनी हलायचा. सर्व्हरच्या खोलीत गेलो तर डिस्कची कडकड एका क्षणासाठीही थांबत नव्हती. डबे उघडून जेवलो. परत आलो तरी चालूच. शेवटचं मशीन संपलं तेव्हा मी वहीत आकडे उतरवले, ते पान माझ्याकडे आहे. रिअल ५,८९१ सेकंद, यूजर ५४८, सिस २१२. वजाबाकी केली तर ५,१३१ सेकंद, म्हणजे ८५ मिनिटांहून जास्त वेळ मशीन नुसतं थांबून होतं. एकट्यानं २१ मिनिटांत होणारं काम सहा जणांनी एकदम लावल्यावर ९८ मिनिटांवर गेलं.

का, ते समजून घ्यायला मला आणखी दोन आठवडे लागले. पातळ कोअॅक्स केबलवरचं इथरनेट सेकंदाला १० मेगाबिट, म्हणजे फार तर सव्वा एमबी. तेही सगळ्यांत मिळून. सहा जणांनी वाटून घेतलं तर प्रत्येकाला २०० केबीच्या आसपास. दोघे एकदम बोलायला गेले की टक्कर होते आणि दोघांनाही थांबून पुन्हा बोलावं लागतं. त्यात एनएफएस एका वेळी ८ केबीचा ठोकळा पाठवतं. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १,५०० बाइटच मावतात, म्हणून त्या ठोकळ्याचे सहा तुकडे होतात. सहातला एक जरी हरवला तरी सहाही परत पाठवायचे. आणि लिहिताना तर त्या वेळच्या एनएफएसचा नियमच असा, की सर्व्हरनं डेटा खरोखर डिस्कवर नेल्याशिवाय ‘मिळालं’ म्हणायचं नाही. नियम योग्यच आहे. लाइट गेली तर डेटा जाऊ नये. पण सहा जणांची मॅट्रिक्सं एकाच डिस्कवर एकदम उतरायला लागली की त्या डिस्कचं वाचायचं-लिहायचं हेड एकाकडून दुसऱ्याकडे नुसतं धावत राहतं.

त्या संस्थेत मात्र सगळे खूश होते, आणि खरंच खूश होते. मुलं प्रोग्रॅम लिहायची, कंपाइल करायची, पत्रं पाठवायची. मेमरीत मावणारं काम. त्यांच्यासाठी ते मशीन उत्तम होतं आणि स्वस्तही. पुण्यातच गणेशखिंडीला सी-डॅक या सरकारी संस्थेनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, ट्रान्सप्यूटर नावाच्या चिप एकमेकांना जोडून. दर ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक. तिथेही चिप किती जोरात गणित करते याच्याइतकंच त्या चार लिंकांवरून किती येतं-जातं याला महत्त्व होतं.

दुसऱ्या प्रकारची सहा मशीनं एकत्र कुठे मिळेनात. शेवटी एका ठिकाणी चार मिळाली, तिथे चारही एकदम लावली. २१ मिनिटं. एकट्याची २०, चारांची २१. प्रत्येकाचं मॅट्रिक्स आपापल्या डिस्कवर, तारेवर फक्त शेवटचा निकाल.

आता साहेबांनी जो मुद्दा काढला तो मला खरोखर विचार करायला लावणारा होता. म्हणाले, “मॅडम, तिसऱ्याची तीनच घेऊ. २४ लाखांत बसतात. सहा जॉब तीन मशीनांवर, अकरा-अकरा मिनिटांच्या दोन फेऱ्या, बावीस मिनिटं. दुसऱ्याची सहा घेऊन एकवीस. फरक काय पडला?” काहीच पडला नाही. हिशोब बिनचूक होता. मी दोन दिवस त्याच्यावर घालवले. मग सहा जणांच्या टेबलांशी बसून एका दिवसात कोण काय करतं ते लिहून काढलं. रन लावून थांबण्यात दिवसातला तासभर जायचा. बाकी सगळा दिवस मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, करण्यात, नोड ओढण्यात, निकाल बघण्यात. म्हणजे पडद्यापुढे बसण्यात. तीन मशीनं घेतली असती तर सॉल्व्हर पळाला असता आणि तीन माणसं हातावर हात ठेवून बसली असती. मी ते कागद साहेबांपुढे ठेवले. ते बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, “दुसरी घ्या.”

उरलेल्या ६० हजारांत दोन मशीनांची मेमरी वाढवली. पातळ केबल, टी आकाराचे जोड (टी) आणि टोकांचे ५० ओमचे टर्मिनेटर आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी बसवले. टेबल सरकवताना कुणाचा टी सैल झाला की सगळी तार गप्प व्हायची, मग काका एका टोकापासून बोटांनी चाचपत यायचे. एकच नियम मी कागदावर छापून भिंतीला लावला होता. स्क्रॅच फाइल (रन चालू असतानाची तात्पुरती फाइल) आपल्याच डिस्कवर.

आणि मशीनं आल्यावर दोन महिन्यांनी जे झालं ते तर मी कुठल्याच स्टेटमेंटमध्ये मांडलं नव्हतं. त्या दोघांपैकी एक ट्रेनी म्हणाली, “मॅडम, नोडचे नंबर बदलून बघू का?” बँड सॉल्व्हरमध्ये बँडची रुंदी शेजारशेजारच्या नोडच्या नंबरांतल्या अंतरावर ठरते. कथिल आणि मॅकी यांची १९६९ ची नंबर लावायची पद्धत तिनं पुस्तकातून उतरवून फोर्ट्रानमध्ये लिहिली. बँड ६०० वरून ३४० वर आली. गणित बँडच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणून यूजर १५ मिनिटांवरून ५ वर. मॅट्रिक्स ६० एमबीवरून ३४ वर. आठ लाखांच्या मशीनपेक्षा आमचं ३ लाख ९० हजारांचं मशीन पुढे गेलं, आणि त्यासाठी एक रुपया लागला नाही. अर्थात तोच प्रोग्रॅम आठ लाखांच्या मशीनवर लावला असता तर तेही पळालं असतं. पण तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी अजून विसरलेले नाही.

आता भाच्याची कोटेशनं. एकात १६ कोअरचं (गणित करणारे प्रोसेसरचे भाग म्हणजे कोअर) डेस्कटॉप, मेमरीच्या दोन वाहिन्या, म्हणजे मेमरीतून प्रोसेसरकडे यायच्या दोन वाटा. दुसऱ्यात ३२ कोअर, आठ वाहिन्या, किंमत दुपटीहून जास्त. तिसरं क्लाउडवर तासाच्या भाड्यानं. तो कोअर मोजत होता. मी त्याला म्हटलं, “अरे, तुमचं काम हवेच्या प्रवाहाचं ना? त्याला आकडे मेमरीतून सतत ओढावे लागतात.” डीडीआर५-४८०० या प्रकारच्या मेमरीच्या एका वाहिनीतून सेकंदाला ३८.४ जीबी येतात. दोनातून ७६.८, आठांतून ३०७.२. सोळा कोअर दोन वाहिन्यांवर म्हणजे सोळा जणांना दोन नळ. वर त्यांच्या सॉल्व्हरचं लायसन्स कोअर मोजून घ्यावं लागतं, म्हणजे तहानलेल्या कोअरचेही पैसे. उलट सातांतले चार जण दिवसभर मॉडेलच बनवतात. त्या कामात एकच कोअर राबतो, त्यांना ३२ कोअरचं मशीन देणं म्हणजे पैसे पाण्यात.

पण मला धक्का बसला तो नेटवर्कचा रकाना बघून. तिन्ही कोटेशनांत मशीनं एकमेकांना जोडणारा स्विच एक गिगाबिटचा. त्यांची मॉडेलं सगळी एका सामायिक स्टोरेजवर, मोठं मॉडेल ४० जीबीचं. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला फार तर १२५ एमबी. ४० जीबीला ३२० सेकंद, सव्वापाच मिनिटं, तीही एकट्यानं उघडलं तर. मशीनच्या आतल्या एनव्हीएमई डिस्कवरून सेकंदाला ३,५०० एमबी सहज येतात. १९९३ मध्ये आमच्या डिस्कचा आणि तारेचा वेग जवळजवळ सारखा होता, दीडदोन एमबी आणि सव्वा एमबी. आज त्यांच्या ऑफिसात हे अंतर २८ पट आहे. म्हणजे त्या रविवारी आम्ही जे भोगलं त्याहून आज तार जास्त मागे पडली आहे, आणि कोटेशनमध्ये ती सर्वांत खालच्या ओळीत, सर्वांत कमी पैशांत.

भाचा म्हणाला, “मावशी, पण आमचं तर चालतंय की.” मी विचारलं, “सकाळी दहाला सगळे एकदम येऊन मॉडेल उघडतात तेव्हा काय करता?” तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, “चहाला जातो.”

त्यानं अजून ऑर्डर दिलेली नाही. दोन विक्रेत्यांनी एकेक मशीन आठवड्यासाठी द्यायचं कबूल केलं आहे, आणि १० गिगाबिटचा एक स्विच त्यानं मित्राकडून उसना आणला आहे. शनिवारी सातही जण आपापलं नेहमीचं मॉडेल घेऊन येणार, एकदा जुन्या स्विचवर आणि एकदा नव्यावर एकदम उघडणार, आणि मग रन लावणार. पहिल्यांदा चालू करताना मेमरी किती दिसते ते बघायला मी त्याला सांगून ठेवलं आहे. वही घेऊन मीही जाते आहे.